प्रेस नोट लिहिण्यापूर्वीचे काम

वाचकाचे पत्र

आदरणीय काका, सादर नमस्कार.

मी सत्तावीस वर्षांची असून इंदूरच्या लोकमान्य नगरात आई-बाबांसोबत राहते. देवी अहिल्या विश्वविद्यालयातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर गेली चार वर्षे मी एका हिंदी दैनिकात नगर निगमाच्या बातम्या करते आहे. पगार बेताचा आहे, रात्री घरी यायला साडेअकरा होतात आणि पुढे काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. मी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन जनसंपर्क विभागात सहायक संचालक व्हावे, असे बाबांचे म्हणणे आहे. मला केंद्राच्या भारतीय माहिती सेवेचेही आकर्षण वाटते. हे ऐकून आमचे वृत्तसंपादक हसले आणि म्हणाले, "म्हणजे आता सरकारचे भाट होणार." ते वाक्य मनातून जात नाही. या नोकरीत खोटे लिहावे लागते का? दोन्हींपैकी कोणती वाट धरावी? शिवाय आई स्थळे बघते आहे आणि बदलीची नोकरी म्हटले की समोरच्यांचे चेहरे पडतात. कृपया स्पष्ट सांगावे.

– एक वाचक, इंदूर

उत्तर

तुम्ही मला काका म्हटले, बरे वाटले. तरीही सदराच्या रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला 'तुम्ही'च म्हणणार आहे. मी सरकारी जनसंपर्कात एकतीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी लहान जिल्ह्यांत गेली, आणि निवृत्तीनंतर इंदूरला परतलो. तेव्हा माझ्या लिहिण्यात या नोकरीबद्दलचा थोडा पक्षपात असणारच. तो वजा करून वाचावे.

भाट या शब्दापासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला सलतो आहे तो तोच. तुमच्या वृत्तसंपादकांचा टोमणा अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कोणत्याही राज्याच्या जनसंपर्क विभागातून रोज बाहेर पडणारा मजकूर तुम्ही स्वतः चार वर्षे चाळला आहे. त्यात भूमिपूजने, लोकार्पणे, दौरे आणि शुभेच्छा यांचाच भरणा असतो, आणि तुम्ही रुजू झालात तर तोही तुम्हाला लिहावा लागेल. पहिली दोन-तीन वर्षे तर बहुतेक तोच. पण भाटाचे काम दरबारातून बाहेर जाणाऱ्या शब्दांशी संपत असे, आणि आमच्या नोकरीतले मोलाचे काम त्या शब्दांच्या आधी, कचेरीच्या आतल्या बाजूला चालते. गावात काय विचारले जात आहे, कोणत्या आकड्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, कोणती तक्रार उद्या बातमी होणार आहे, हे कलेक्टरांच्या टेबलापर्यंत नेणे आणि त्याचे उत्तर घेऊनच परत येणे, हे ते काम. ते कोणाच्या नोंदीत येत नाही, त्याची कात्रणे निघत नाहीत, म्हणून ते नाही असे बाहेरून वाटते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. खोटे लिहावे लागते का?

'हे खोटे लिहा', असे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजता येतील. सांगितले गेले ते वेगळेच: लवकर लिहा, आज नको उद्या लिहा, तेवढा आकडा राहू द्या, जरा दोन विशेषणे घाला. यांतल्या विशेषणांचा मी फारसा बाऊ करत नाही. 'कुशल मार्गदर्शनाखाली' आणि 'युद्धपातळीवर' हे शब्द वाचकांना केव्हाच दिसेनासे झाले आहेत आणि तुमच्यासारखे उपसंपादक ते डोळे मिटून कापतात. भीती बाळगावी ती घाईची. माझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक घाईतूनच झाली, ती सांगतो. जिल्ह्याचे नाव सांगत नाही.

पावसाळ्यातली रात्र होती. नाल्यावरच्या एका रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असताना ट्रॅक्टर-ट्रॉली घातली गेली आणि उलटली. नियंत्रण कक्षातून साडेनऊच्या सुमारास फोन आला की सात जणांना बाहेर काढले, सर्व सुखरूप आहेत. आवृत्त्या सुटायची वेळ जवळ येत होती, पत्रकारांचे फोन थांबत नव्हते, आणि मी उभ्या-उभ्या चार ओळी लिहून पाठवल्या. शेवटची ओळ होती, 'या दुर्घटनेत कोणतीही जीवितहानी झालेली नाही.' सकाळी नाल्याच्या खालच्या अंगाला, बाभळीच्या झुडपात अडकलेले दोन मृतदेह मिळाले. मी तिथे पोहोचलो तेव्हा मृतांपैकी एकाचा भाऊ काठावर बसलेला होता. तो माझ्यावर ओरडला नाही. त्याने खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली, ती पावसाने ओली होऊन कडांना सुटत होती, आणि माझ्या हातात दिली. बातमीखाली 'जनसंपर्क' एवढेच छापलेले होते, माझे नाव नव्हते. पण ती माझी आहे, हे त्याला कोणीतरी सांगितले असावे.

मी खोटे लिहिले होते का? मला मिळाली तेवढीच माहिती मी लिहिली होती. माझी चूक त्याच्या आधीची होती. सात जणांना बाहेर काढले, हे मी ऐकले, पण ट्रॉलीत बसले किती होते, हे मी विचारलेच नाही. त्या एका प्रश्नाने सगळी ओळ बदलली असती. पुढे मी तशी नोट नेहमी अशी लिहू लागलो: 'रात्री दहापर्यंत मिळालेल्या माहितीनुसार सात जणांना बाहेर काढण्यात आले आहे. ट्रॉलीत एकूण किती जण होते, याची गावकऱ्यांकडून खातरजमा केली जात आहे.' हे वाक्य वरिष्ठांना आवडत नाही, हेही सांगून ठेवतो. प्रशासनाला काही माहीत नाही असे त्यातून दिसते, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती समजण्यासारखी आहे. तरी ते वाक्य तसेच जाऊ द्यावे, यासाठी रात्री दहा वाजता हट्ट धरता येणे, यालाच मी या पदाची पात्रता समजतो. परीक्षेत ती तपासली जात नाही.

तुम्ही इंदूरच्या आहात, म्हणून ३० मार्च २०२३ची आठवण देतो. रामनवमीच्या दिवशी पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवरचे छत खचले आणि हवन-पूजेला बसलेली माणसे खाली गेली. दुपारपासून दुसऱ्या दिवसापर्यंत शोध चालू राहिला, सैन्याची मदत घ्यावी लागली, आणि मृतांचा आकडा वाढत वाढत ३६ झाला. त्या रात्री शहरात जो तो एकमेकांना आकडाच विचारत होता. अशा वेळी माहिती देणाऱ्या माणसाकडे तीनच गोष्टी असतात: आतापर्यंतचा आकडा, तो कोणत्या वेळेचा आहे ते, आणि पुढची माहिती केव्हा मिळेल ते. यातले तिसरे सहसा राहून जाते. पुढचे निवेदन रात्री बारा वाजता येईल असे सांगितले आणि ते बाराला आले, तर मधल्या वेळात अफवेला फारसा वाव उरत नाही. ते बाराऐवजी दोनला आले, तर आकडा बरोबर असूनही कोणाचा त्यावर विश्वास बसत नाही.

रोजचे काम अर्थात इतके गंभीर नसते. सकाळी कात्रणांची फाइल कलेक्टरांकडे जाते. हल्ली तिची जागा बरीचशी मोबाइलवरच्या छायाचित्रांनी घेतली आहे, पण आमच्या वेळची सवय म्हणून मी अजून फाइलच म्हणतो. सोमवारी टीएल, म्हणजे टाइम लिमिटची, मुदतीत निकाली काढायच्या प्रकरणांची बैठक असते. मंगळवारी जनसुनवाई, म्हणजे कचेरीत लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकण्याचा दिवस. व्हीआयपी दौरा असला की दोन दिवस त्यातच जातात. यांतली टीएल बैठक नव्या अधिकाऱ्यांना कंटाळवाणी वाटते आणि ते मागच्या रांगेत बसून प्रेस नोटची वाक्ये जुळवत राहतात. ही चूक करू नका. कोणत्या खात्याची किती प्रकरणे तुंबली आहेत, १८१ क्रमांकाच्या सीएम हेल्पलाइनवर कोणत्या तक्रारी पुन्हा पुन्हा येत आहेत, हे तिथे अधिकाऱ्यांच्याच तोंडून ऐकायला मिळते. चार वर्षे निगमाची बातमीदारी केलेल्या माणसाला ती बैठक खजिन्यासारखी वाटायला हवी. फरक एवढाच की तिथे कळलेले लगेच छापता येणार नाही. ते दुरुस्त व्हावे म्हणून मात्र बोलता येईल.

लिखाणाचेही एक उदाहरण देतो, कारण या कामात लिहिणे दुय्यम आहे असा माझ्या म्हणण्याचा अर्थ तुम्ही काढाल. इंदूरला नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून पंप करून येते आणि मुख्य लाइनवर काम निघाले की शहराच्या अर्ध्या टाक्या भरत नाहीत. अशा दिवशीची एक ठरावीक नोट तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. तिच्यात आधी कोणत्या मान्यवरांच्या निर्देशानुसार काम हाती घेतले ते येते, मग पाइपाचा व्यास येतो, मग कामाचा खर्च येतो, आणि पाणी कोणत्या वस्तीत कधी येणार नाही, हे शेवटच्या ओळीत. ते पहिल्या ओळीत आणा. 'उद्या, बुधवारी, अमुक टाक्यांवरून सकाळचा पुरवठा होणार नाही. गुरुवारी सकाळी नेहमीच्या वेळी पाणी येईल. टँकरसाठी या क्रमांकावर कळवावे.' मान्यवरांचे नाव तिसऱ्या परिच्छेदात राहू द्या, ते काढण्यासाठी भांडू नका. मी तरुणपणी अशा नावांवरून बरीच भांडणे केली आणि त्यांत मिळवले काही नाही. तीच ताकद मी पहिल्या ओळीसाठी वापरायला हवी होती.

आता या नोकरीतल्या ज्या गोष्टी मला शेवटपर्यंत खटकत राहिल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. त्यांतली पहिली जाहिरातींची. सरकारी जाहिरातींचे वाटप आणि बातम्यांचा पुरवठा, हे दोन्ही बहुतेक राज्यांत एकाच विभागाच्या दोन खिडक्यांतून होते. जो अधिकारी सकाळी पत्रकाराला माहिती देतो त्याच्याच विभागाकडून त्या पत्रकाराच्या वर्तमानपत्राला जाहिरात मिळते, आणि हे दोघांनाही ठाऊक असते. लहान शहरांतल्या लहान वर्तमानपत्रांत याचे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत छायाचित्रांवर कडक मर्यादा होती. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांचीच छायाचित्रे घ्यावीत, असे ठरले. मार्च २०१६मध्ये फेरविचार होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही मुभा मिळाली. त्यानंतर रस्त्यावरच्या फलकांवर काय दिसते, ते राजवाड्यापासून पलासियापर्यंत एक चक्कर मारली की कळते. जाहिरात सरकारच्या कामाची हवी, पक्षाची किंवा व्यक्तीची नको, हे त्या निकालाचे मूळ सूत्र मात्र अजून उभे आहे, आणि एखादा मसुदा परत पाठवायचा असेल तर त्याचा आधार घेता येतो. मी दोनदा घेतला. एकदा मसुदा बदलला. दुसऱ्यांदा माझे टेबल बदलले.

दुसरी गोष्ट नावाची. आज तुमच्या बातमीवर तुमचे नाव छापले जाते आणि आई ते कापून ठेवत असणार. शासकीय सेवेत ते नाव जाते. मध्य प्रदेशात १९६५चे आणि केंद्रात १९६४चे आचरण नियम आहेत. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही आणि कचेरीतली माहिती अनधिकृतपणे बाहेर देता येत नाही. पत्रकारितेतून आलेल्या माणसांना पगार, बदली, वरिष्ठ यांपेक्षा हे मौन जड जाते, असे मी पाहिले आहे. माझे दोन सहकारी चार-पाच वर्षांत परत गेले, आणि ते योग्यच होते. तुम्हाला नावाशिवाय लिहिता येईल का, याचा विचार परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

मौन म्हणजे माहिती दडवणे, असा मात्र अर्थ घेऊ नका. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ सालचा आहे. अर्ज आला तर तीस दिवसांत उत्तर, आणि प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत, हे सर्वांना पाठ आहे. त्याच्या चौथ्या कलमात, कोणी न मागता कोणती माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची, याची लांबलचक यादी दिलेली आहे, आणि जनसंपर्क अधिकाऱ्याने ती यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी. 'हे द्यायचे की नाही', असा प्रश्न वरिष्ठांनी उपस्थित केला की वाद घालण्याऐवजी ते कलम दाखवावे. माझ्या अनुभवात अर्ध्या वेळा तरी काम होते. उरलेल्या अर्ध्या वेळा 'बघू' असे उत्तर मिळते, आणि मग महिन्याभराने तेच माहिती अधिकाराच्या अर्जातून बाहेर येते. तेव्हा, तुम्ही आधीच सांगितले होते हे कोणाला आठवत नाही. तुम्हीही ते आठवून देऊ नये.

निवडणुकीच्या काळात या पदाचे वजन एकदम वाढते. जिल्ह्यात प्रसारमाध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समिती बसते, तिचे सदस्य सचिवपद साधारणतः जिल्हा जनसंपर्क अधिकाऱ्याकडे असते, आणि पैसे घेऊन छापलेल्या बातम्या ओळखण्याचे काम त्या समितीकडे येते. काल ज्या संपादकांबरोबर चहा घेतला त्यांच्या पानावरच्या दोन कॉलमांवर आज नोटिशीचा मसुदा करावा लागतो. ज्यांनी स्वतः डेस्कवर काम केले आहे त्यांना असली बातमी वासानेच कळते. तुमची चार वर्षे तिथे उपयोगी पडतील.

आता राज्य की केंद्र, याबद्दल. राज्य लोकसेवा आयोग आपल्याच इंदुरात, रेसिडेन्सी भागात आहे, पण जवळ असल्याने तो सोपा झालेला नाही. सहायक संचालक, जनसंपर्क हे पद राज्य सेवा परीक्षेतून भरले जाते, म्हणजे उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक यांच्यासाठी जी पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत, तीच यासाठीही. जागा थोड्या असतात आणि दर वर्षी सारख्या नसतात. पत्रकारितेची पदवी तिथे जवळजवळ उपयोगाची नाही. इतिहास, राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि मध्य प्रदेशाची माहिती यांवरच सगळे ठरते. शिवाय या आयोगाच्या निकालांना लागणारा वेळ हिशेबात धरा. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद चालू असल्याने २०१९च्या परीक्षेपासून निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन भागांत विभागले गेले, वादातल्या १३ टक्के जागांचा निकाल रोखला गेला, आणि मुलांची उमेदीची वर्षे यादीची वाट पाहण्यात गेली. म्हणून हातातली नोकरी सोडून तयारीला बसू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फार तर रात्रपाळी बदलून मागा.

भारतीय माहिती सेवा १९६० साली केंद्रीय माहिती सेवा या नावाने सुरू झाली आणि १९८७पासून तिला आजचे नाव आहे. तिच्या गट 'अ'मध्ये प्रवेश संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून मिळतो. खुल्या वर्गाला बत्तीस वर्षे वय आणि सहा प्रयत्न ही मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये. प्रशिक्षण दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत, जी १९६५पासून चालू आहे. पुढे नेमणूक केंद्र सरकारची निवेदने काढणाऱ्या पत्र सूचना कार्यालयात (पीआयबी) होईल, आकाशवाणी किंवा दूरदर्शनच्या वृत्त विभागात होईल, प्रकाशन विभागात होईल किंवा जाहिराती आणि प्रचाराचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संचार ब्यूरोत होईल. या सेवेच्या गट 'ब'च्या जागांना पदवीबरोबर पत्रकारितेचे शिक्षण मागितले जाते. त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, तिथे तुमची पदवी कामाला येते.

या केंद्रीय कामाचा व्याप मोठा आहे यात शंका नाही. पत्र सूचना कार्यालयाचे मूळ १९१९ सालच्या सिमल्यातल्या एका छोट्या कक्षात आहे. आज तेच कार्यालय अनेक भाषांत निवेदने काढते, मुंबईहून मराठीतही काढते. तुमच्या घरची मराठी आणि कामाची हिंदी, दोन्ही तिथे चालतील. इंदूरच्या मराठी माणसांना आपली हिंदी थोडी उणी वाटण्याची सवय असते, म्हणून जाता जाता लिहितो की या शहरातून निघणाऱ्या 'नई दुनिया'चे संपादन राहुल बारपुते यांनी केले आणि हिंदी पत्रकारितेने त्यांना आपला मानकरी मानले. असो. दिल्लीतल्या कामाची एक बाजू मला अस्वस्थ करते. पत्र सूचना कार्यालयाने २०१९मध्ये तथ्यपडताळणीचा कक्ष सुरू केला. सरकारविषयी एखादी खोटी बातमी पसरत असेल तर ती खोटी आहे असे कागद दाखवून सांगणे, हे योग्यच. पण माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३च्या दुरुस्तीने सरकारी कक्षाने खोटा ठरवलेला मजकूर समाजमाध्यमांवरून उतरवण्यासाठी कायद्याचा दबाव आणण्याची सोय केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल पटला. सरकारची बाजू मांडणे हे आपले काम असले, तरी समोरच्याचा मजकूर पुसण्याचा अधिकार आपल्याला हवासा वाटू लागला की कुठेतरी वाट चुकली, असे समजावे.

माझे मत विचाराल तर तुम्ही राज्याची वाट आधी धरावी. दोन्ही परीक्षांच्या अभ्यासक्रमांचा मोठा भाग समान असल्याने तयारी एकत्र होऊ शकते, पण मनाचा कल जिल्ह्याकडे ठेवावा. तुमच्या पत्रात तुम्ही चार वर्षे निगम पाहिल्याचे लिहिले आहे, आणि पगार-वेळेची तक्रार केली आहे, कामाची केलेली नाही. म्हणजे नळ, रस्ते, कचऱ्याची गाडी यांत तुमचे मन रमते. हे सगळे जिल्ह्यात आहे. दिल्लीत तुम्ही योजनेचे निवेदन लिहाल. झाबुआत किंवा बडवानीत ती योजना पोहोचली का ते दिसेल. झाबुआत असताना मला कळले की लसीकरणाच्या तारखा वर्तमानपत्रात छापून काही उपयोग नसतो. आठवडी हाटात, भिली बोलणाऱ्या माणसाच्या हातात भोंगा देऊन त्या सांगाव्या लागतात, आणि मग पुढच्या हाटात किती बायका मुलांना घेऊन आल्या, ते मोजता येते. असे मोजण्यासारखे समाधान मला भोपाळच्या संचालनालयात मिळाले नाही. २०२८मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे. त्या वेळेपर्यंत तुमची निवड झाली तर एका महिन्यात दहा वर्षांचा अनुभव मिळेल.

वरच्या पदांबद्दल भ्रम नको. सहायक संचालकाचा उपसंचालक, मग संयुक्त संचालक, मग अपर संचालक, अशी शिडी आहे, पण आयुक्त हे भारतीय प्रशासन सेवेतून येतात आणि दोन-तीन वर्षांत बदलतात. प्रत्येक नव्या आयुक्तांना विभाग पहिल्यापासून समजावून द्यावा लागतो, आणि काहींना तो समजून घ्यायचा नसतो.

स्थळांविषयी थोडक्यात. बदल्या होतील, पण हे पद जिल्ह्याच्या ठिकाणीच असते, खेड्यात एकटे राहण्याची वेळ सहसा येत नाही. एवढे आईंना सांगावे. खरी अडचण रात्री येणाऱ्या फोनची आहे, आणि ती तुमच्या आजच्या नोकरीतही आहे. पाहायला येणाऱ्यांना आधीच सांगितले तर ज्यांचे चेहरे पडायचे त्यांचे दारातच पडतील.

शेवटी एक काम सांगतो, ते अर्ज भरण्याआधी करावे. येत्या मंगळवारी साप्ताहिक सुटी घ्या आणि मोती तबेल्याच्या कलेक्टोरेटमध्ये जनसुनवाईला जाऊन सकाळपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत बसा; वही न्या, पण वर्तमानपत्राचे ओळखपत्र गळ्यात घालू नका. घरी आल्यावर दोन कागद लिहा. पहिला कागद म्हणजे त्या दिवसाची प्रेस नोट, दोनशे शब्दांत, विभागाने काढली असती तशी. दुसरा कागद कलेक्टरांना उद्देशून, कोणालाही न दाखवण्याचा: आज आलेल्या अर्जांपैकी कोणते एकाच कारणाने आले होते, कोणता माणूस तिसऱ्यांदा आला होता आणि त्याला पहिल्या दोन वेळा काय सांगितले गेले होते. यांतला कोणता कागद लिहायला तुम्हाला जास्त वेळ लागला आणि कोणता लिहिताना जेवायचे भान राहिले नाही, ते मला कळवा. नावे खोडून दोन्ही कागद पाठवलेत तर मी वाचून टिपणे करीन.